अपघाताची जबाबदारी कोणाची?

(लोणखेडा, जिल्हा नंदुरबार येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला दिले तेव्हा मी अर्थसंकल्पावर, शेतमालाच्या भावावर किंवा सहकारी कारखानदारीच्या अवस्थेवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाकडून ती अपेक्षा रास्तच आहे. मी मात्र आज रस्त्यावरील अपघातांविषयी बोलणार आहे. आणि अपघातात माणूस दगावला तर त्याबद्दल कायद्याने कोणाला, किती आणि कसे जबाबदार धरावे, या प्रश्नाविषयी. हा पोलिसांचा आणि वकिलांचा विषय आहे, त्याचा समाजवादाशी काय संबंध, असे काहींच्या मनात येईल. तो संबंध आहे आणि फार जवळचा आहे, एवढेच मला आज दाखवायचे आहे.

आपण बसलो आहोत ते लोणखेडा शहाद्याला लागून आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता या परिसरातून जातो. हंगामात त्यावरून उसाचे ट्रेलर, पपईचे आणि केळीचे ट्रक रात्रंदिवस धावतात. त्याच रस्त्याने धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची माणसे गुजरातेत मजुरीला जातात. बहुतेक वेळा बसमधून नव्हे, तर मालवाहू पिकअपच्या हौद्यात उभी राहून. २०२५ च्या ऑक्टोबरात, ऐन धनत्रयोदशीच्या दिवशी, अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात कोसळली आणि किमान सहा माणसे गेली. त्याआधी २०२१ च्या फेब्रुवारीत शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यातील किनगावजवळ, पपईने भरलेला ट्रक रात्री उलटला. मालावर बसून घरी निघालेले रावेर तालुक्यातील पंधरा मजूर त्याखाली चिरडून मेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादहून शहाद्याला येणारी एस.टी. दोंडाईच्याजवळ निमगुळ येथे कंटेनरवर आदळली. दहाहून अधिक माणसे त्यात गेली. या तिन्ही घटना आपल्या अंगणातल्या आहेत.

प्रत्येक वेळी आपण काय केले? शोकसभा घेतली, मदतीचे निवेदन दिले, मुख्यमंत्री निधीतून लाख-दोन लाख जाहीर झाले, चालकावर गुन्हा दाखल झाल्याची चार ओळींची बातमी आली. पुढे त्या गुन्ह्याचे काय झाले, विम्याचे पैसे मिळाले की नाही, गाडीचा मालक कोण होता, ते मजूर मालावर बसले ते कोणाच्या सांगण्यावरून, यांपैकी एकही प्रश्न आपण शेवटापर्यंत नेला नाही. हा दोष मी तुमच्या पदरात टाकतो आहे असे समजू नका. माझ्याही पदरी तो आहे, त्याविषयी मी पुढे सांगेन.

प्रथम मरणारे कोण आहेत ते पाहू. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतील पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होती. मृतांपैकी ७४,८९७ दुचाकीवरचे आणि ३२,८२५ पायी चालणारे होते. म्हणजे शंभरातील चौसष्ट माणसे अशी, की ज्यांच्याभोवती पत्र्याचे कवचही नव्हते. सुमारे दोनतृतीयांश मृत्यू ग्रामीण भागात झाले. रस्ते रुंद करण्यासाठी ज्यांची जमीन जाते आणि ज्यांच्या करातून ते होतात, त्यांतील बरीचशी माणसे त्यांवरून पायी किंवा दुचाकीवर जातात. आणि वेगाची किंमत तीच मोजतात. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब शिकवताना मी मुलांना सांगत असे की अपघात झाला की इस्पितळाचे बिल, गाडीची दुरुस्ती आणि वकिलाची फी हे सारे उत्पन्नात जमा होते. मेलेल्या माणसाची वजाबाकी मात्र कोठेच होत नाही. मुले हसत असत. आज ते उदाहरण सांगताना मला हसू येत नाही.

आता कायद्याकडे वळू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे वेगळे कलम नव्हते. ते ३०४-अ या क्रमांकाने १८७० साली घालण्यात आले. शिक्षा होती जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. बैलगाडी-टांग्याच्या काळातले हे कलम दीडशे वर्षे ट्रक आणि मोटारींनाही पुरवण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याची जागा कलम १०६ ने घेतली आणि कमाल शिक्षा पाच वर्षे झाली. पुस्तकातली शिक्षा वाढली हे खरे; परंतु शिक्षेची खात्री वाढली काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मुंबई-पुण्याचे तीन खटले पाहू.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एका तरुणाची भरधाव मोटार चढली. सात मजूर मेले, आठ जखमी झाले. ज्या रस्त्यासाठी ते राबत होते त्याच्याच कडेला ते झोपले होते. सत्र न्यायालयाने ३०४-अ खाली सहा महिन्यांची कैद आणि पाच लाख रुपये दंड अशी शिक्षा दिली. लोकक्षोभ झाला. त्याच वर्षी, म्हणजे २००७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने हा निव्वळ निष्काळजीपणा नसून सदोष मनुष्यवध आहे असे ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारू पिऊन बेफाम गाडी हाकणाऱ्याला आपल्या हातून माणूस मरू शकतो याची जाणीव असते, हे तत्त्व या अलिस्टर परेरा खटल्याने दृढ केले. एवढे श्रेय न्यायालयांना दिले पाहिजे.

दुसरा खटला त्याच वांद्र्यातला. २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री एका बेकरीसमोर झोपलेल्या कामगारांवर मोटार गेली. एक मेला, चौघे जखमी झाले. आरोपी प्रसिद्ध चित्रपट अभिनेता होता. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने पुरावा पुरेसा नसल्याचे सांगून त्याला निर्दोष सोडले. निकालाविषयी मी काही म्हणत नाही. परंतु तेरा वर्षे चाललेल्या खटल्याच्या शेवटी मोटार कोण चालवत होते हेच निःसंशय सिद्ध होत नसेल, तर मेलेल्या माणसाच्या बायकामुलांनी न्याय या शब्दाचा अर्थ काय समजावा?

तिसरा प्रसंग १९ मे २०२४ चा. पुण्याच्या कल्याणीनगरात एका बांधकाम व्यावसायिकाच्या सतरा वर्षांच्या मुलाने महागडी मोटार दुचाकीवर घातल्याच्या आरोपाचे हे प्रकरण. दोन तरुण अभियंते त्यात मेले. काही तासांतच त्या मुलाला जामीन मिळाला आणि अटींमध्ये एक अट तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची होती. लोक संतापले, जामीन फिरवला गेला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांनाही अटक झाली. जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. कायद्याच्या चौकटीत अल्पवयीनाला संरक्षण असले पाहिजे, त्याविषयी माझे दुमत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. मजुराच्या सतरा वर्षांच्या मुलाने मालकाचा ट्रॅक्टर कोणाच्या अंगावर घातला असता, तर रक्ताचा नमुना बदलण्याचा आरोप करण्याची वेळ तरी कोणावर आली असती काय?

या तिन्ही प्रसंगांत चालक आणि मालक एकाच घरचे होते, किंवा एकच होते. स्वतःच्या चैनीसाठी, स्वतःच्या इच्छेने ते रस्त्यावर उतरले होते. अशा चालकाची जबाबदारी पूर्ण आहे, आणि तिच्यात पैशाने, ओळखीने वा वकिलीच्या चातुर्याने तसूभरही सूट मिळता कामा नये. परंतु आपल्या रस्त्यांवर दुसऱ्याही प्रकारचा चालक आहे, आणि तो संख्येने फार मोठा आहे. तो पगारी आहे. गाडी त्याची नाही, माल त्याचा नाही, वेळ त्याची नाही. कायद्याच्या कलमात मात्र दोघांनाही एकच शब्द आहे : चालक.

येथे आपल्याच चळवळीतील एका मतभेदाला मला हात घालावा लागेल. नव्या संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात अशी तरतूद आहे की अपघातात माणूस मेला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. या तरतुदीविरुद्ध १ आणि २ जानेवारी २०२४ रोजी देशभरातील ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोलपंप कोरडे पडले. सरकारने माघार घेतली आणि ते पोटकलम अंमलात आणणे लांबणीवर टाकले. तेवढे एक सोडून बाकीची संहिता १ जुलैला लागू झाली. आपल्यातील अनेक साथींनी त्या संपाचे स्वागत केले. मीही केले. जमाव चालकाला जिवंत सोडणार नाही ही भीती काल्पनिक नाही, आणि सात-आठ हजार किंवा पंधरा हजार रुपयांवर राबणाऱ्या माणसाला दहा वर्षांची धमकी देणारे सरकार त्याच्या मालकाला मात्र एक प्रश्न विचारत नाही, ही चीड योग्यच होती.

परंतु संपाचे स्वागत करून आपण थांबलो, हे चुकले. त्याच २०२२ सालच्या अहवालात ठोकर देऊन पळून गेलेल्या वाहनांनी मारलेल्या माणसांची संख्या ३०,४८६ आहे. ही माणसेही आपलीच आहेत. त्यांतील किती जण वेळेवर इस्पितळात पोचले असते तर वाचले असते, हा प्रश्न चालकांच्या संघटनेने आणि आपण स्वतःला विचारला पाहिजे. जखमीला उचलणे, वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना खबर देणे हे कर्तव्य मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने चालकावर टाकलेलेच आहे. जमावाच्या रोषामुळे ते अशक्य झाले तर त्याची सूटही त्याच कलमात आहे. मग जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात जाऊन हजर होणाऱ्या चालकाला संरक्षण मिळाले पाहिजे अशी मागणी आपण का केली नाही? कामगार गरीब आहे म्हणून त्याच्या हातून मेलेला दुसरा गरीब हिशेबाबाहेर जातो, असे समाजवाद्याला म्हणता येणार नाही.

आता मी माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. अपघात घडतो एका क्षणात, परंतु त्याची तयारी आधीच झालेली असते. ट्रकचा चालक रात्री दोनला डुलकी घेतो, कारण आदल्या सकाळपासून तो गाडीवर आहे. तो गाडीवर आहे, कारण पैसे खेपेवर मिळतात. खेप वेळेत हवी, कारण व्यापाऱ्याला पहाटेचा बाजार गाठायचा आहे. मालावर मजूर बसवले, कारण त्यांच्यासाठी वेगळी गाडी करणे मुकादमाला परवडत नाही. वेगाचा, जादा मालाचा आणि जागरणाचा नफा एकाच्या खिशात जातो. त्यातील जोखीम दुसऱ्याच्या अंगावर पडते. आणि गुन्हा तिसऱ्याच्या नावावर नोंदला जातो. अर्थशास्त्रात आम्ही याला समाजावर ढकललेला खर्च म्हणतो. ज्याने खर्च ढकलला त्याच्याकडून तो वसूल होत नाही तोवर तो ढकलतच राहतो, हा साधा नियम आहे. त्यासाठी माणूस दुष्ट असावा लागत नाही.

कायदा या नफ्याकडे कसे पाहतो त्याचा एक नमुना सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली ठरलेल्यापेक्षा जास्त माल भरला तर वीस हजार रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनाला दोन हजार. लगेच पुढच्या १९४-अ कलमात प्रवासी गाडीत जादा माणसे भरली तर दंड आहे माणशी दोनशे रुपये. बेरीज करून पाहा. एक टन जादा पपई : बावीस हजार रुपये. एक टन जादा माणसे, म्हणजे सुमारे अठरा : तीन हजार सहाशे रुपये. मालाने रस्ता खराब होतो म्हणून त्याचा दंड मोठा. माणसांनी तो होत नाही.

कामाच्या तासांचेही असेच आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा त्यात होती. परंतु तो पाच वा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता आणि आपल्याकडच्या गाड्या एक-दोन ट्रकांच्या मालकांच्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विरून गेला. मी विचारतो, तुमच्यापैकी कोणी कधी ट्रकचालकाच्या कामाच्या तासांची नोंदवही पाहिली आहे काय? अपघातानंतर पोलीस चालकाच्या रक्तातील दारू तपासतात, आणि ते योग्यच आहे. तो किती तास जागा होता हे मात्र तपासत नाहीत. कारण त्याचे उत्तर मालकाच्या दारात जाऊन पोचते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे : अपघाती मृत्यूची जबाबदारी स्टीअरिंगपाशी सुरू व्हावी, परंतु तेथे संपू नये. ज्याने निर्णय घेतला आणि ज्याला त्या निर्णयाचा लाभ झाला, त्याच्यापर्यंत ती गेली पाहिजे. ही स्वप्नरंजनाची गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियात अवजड वाहनांच्या कायद्यात 'जबाबदारीची साखळी' हे तत्त्वच आहे. माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक ठरवणारा आणि गाडीचा मालक यांच्यापैकी ज्याच्या कृतीमुळे चालकाला नियम मोडणे भाग पडले तो दोषी ठरतो. ब्रिटनने २००७ साली संस्थेच्या ढिसाळ कारभारामुळे माणूस मेला तर संस्थेवरच मनुष्यवधाचा खटला भरण्याचा कायदा केला. आपल्याकडेही या विचाराची बीजे आहेत. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ही २०१९ ची तरतूद त्याच तत्त्वावर उभी आहे. मुलाच्या बाबतीत जे तत्त्व मान्य, ते नोकराच्या बाबतीत का नसावे? रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे मृत्यू झाला तर कंत्राटदाराला आणि संबंधित यंत्रणेला दंड करणारे १९८-अ हे कलमही त्याच वेळी आले. मात्र दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये. घाटातल्या कठड्याच्या कंत्राटावर एवढे पैसे सहज सुटत असतील.

एक आक्षेप मला ऐकू येतो आहे. जबाबदारी सगळ्यांवर वाटली की ती कोणावरच राहत नाही, आणि चालक म्हणेल मला मालकाने पळवले, मालक म्हणेल मला व्यापाऱ्याने. हा आक्षेप खरा आहे. म्हणून मी वाटणी म्हणत नाही, भर म्हणतो. चालकाने दारू प्यायली असेल, चुकीच्या बाजूने गाडी घातली असेल, तर त्याचा गुन्हा पूर्ण त्याचा. मालकाने त्याला अठरा तास जागवले असेल, गळके ब्रेक घेऊन धाडले असेल, तर मालकाचा गुन्हा पूर्ण मालकाचा. जुलै २०२३ मध्ये शिरपूरजवळ पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांवर आणि हॉटेलावर आदळून दहा माणसे मेली. ब्रेक निकामी झाले हे वाक्य आपण नैसर्गिक आपत्तीसारखे उच्चारतो. ब्रेकची देखभाल ही पाऊसपाण्याची गोष्ट नाही. ते कोणाचे तरी काम असते.

शिक्षेइतकाच, किंबहुना तिच्याहून निकडीचा प्रश्न मागे राहिलेल्यांचा आहे. येथे मी माझ्या कबुलीकडे येतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा थोरला भाऊ रात्री मोटारसायकलवरून येत असताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रेलरवर मागून आदळला आणि जागीच गेला. ट्रेलरला मागे दिवा नव्हता, तांबडी पट्टीही नव्हती. पोलिसांच्या कागदावर मृतानेच भरधाव गाडी चालवली असे आले. दहाव्याच्या आधीच ट्रॅक्टरचा मालक दोन प्रतिष्ठित माणसे घेऊन घरी आला आणि चाळीस हजार रुपयांवर प्रकरण मिटले. विद्यार्थ्याने मला फोन करून विचारले होते, सर, सही करू का? मी म्हणालो, कोर्टात वर्षे जातील, बाळा, करून टाक. अर्थशास्त्राचा प्राध्यापक होतो मी. त्या भावाच्या उरलेल्या आयुष्याच्या कमाईची किंमत मला कागदावर काढता आली असती. मी ती काढली नाही. त्याची विधवा पुढे ऊसतोडीला गेली.

त्यानंतर मी कायदा वाचू लागलो, आणि जे समजले ते तुम्हांला सांगणे हाच या भाषणाचा खरा हेतू आहे. घरगुती तडजोडीने फौजदारी गुन्हा मिटत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा आपसांत मिटवता येण्याजोगा नाही. नुकसानभरपाईचा हक्क वेगळा आहे, आणि तो मागण्यासाठी कोणाला शिक्षा होण्याची वाट पाहावी लागत नाही. कलम १६४ खाली कोणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. चूक सिद्ध करता येत असेल तर कलम १६६ खाली न्यायाधिकरणाकडे मृताचे वय, कमाई आणि अवलंबित माणसे यांच्या हिशेबाने याहून पुष्कळ अधिक मागता येते. मात्र कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की दुसरा दावा संपतो. तेव्हा घाईने अंगठा उठवण्याआधी हिशेब करा.

गाडीच सापडली नाही तर? तरीही सरकारी योजनेतून मृत्यूबद्दल दोन लाख रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी ही रक्कम पंचवीस हजार होती. आता हा आकडा ऐका. २०२२ साली पळून गेलेल्या वाहनांनी तीस हजारांवर माणसे मारली. आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात या योजनेकडे सबंध देशातून अर्ज आले २०५. त्यांपैकी निकालात निघाले ९५. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये याच आकड्यांची दखल घेऊन, मृताच्या कुटुंबाला योजनेची माहिती देण्याचे काम पोलिसांवर टाकले. तीस हजार घरांतून दोनशे अर्ज! पैसा आहे, कायदा आहे, फक्त सांगणारा माणूस नाही. मित्रहो, कार्यकर्ता आणखी कशाला म्हणतात?

मालवाहू गाडीतून जाणाऱ्या मजुराची स्थिती सर्वांत बिकट आहे. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात असा निर्णय दिला की मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाच्या मृत्यूची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. मालाचा मालक वा त्याचा प्रतिनिधी असेल तर गोष्ट निराळी. कायद्याच्या अर्थाने निर्णय बरोबर असेल; परंतु एस.टी. पाड्यापर्यंत येत नाही म्हणून जो हौद्यात चढला, तो फुकट्या प्रवासी ठरतो. उरतो गाडीचा मालक, आणि त्याच्याकडून वसूल करणे विधवेच्या आवाक्याबाहेरचे असते. अशा वेळी तो मजूर कामावर होता, किंवा कामावरून नेला-आणला जात होता, हे सिद्ध करणे निर्णायक ठरते. त्यासाठी मुकादमाचे नाव, उचलीचा कागद, हजेरी, सोबतच्यांचे जबाब हवेत, आणि ते पहिल्या आठवड्यातच गोळा व्हावे लागतात. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठवाड्यातील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात असे ठरवले की घरून कामावर जाताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, नोकरीच्या ओघातच झालेला मानावा. पहाटे तीनच्या पाळीसाठी निघालेला तो पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलवर मेला होता. मूळ भरपाई सुमारे सव्वातीन लाख रुपये. त्यासाठी त्याच्या घरच्यांना बावीस वर्षे झगडावे लागले. त्या बाईने चाळीस हजारांवर सही केली नाही, म्हणून आज लाखो कामगारांच्या हाती हा निर्णय आहे.

१९७२ च्या सुमारास याच शहादा-तळोद्याच्या मुलखात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेचे साथी जमिनीचा, मजुरीचा आणि सालदारांचा प्रश्न घेऊन उभे राहिले. कर्ज आणि सालदारी हे नशीब आहे असे मानणाऱ्या माणसाला ते कोणाच्या तरी वहीत लिहिलेले आहे, आणि ती वही उघडून पाहता येते, हे त्यांनी शिकवले. रस्त्यावरच्या मरणाविषयी आपल्याला तेच शिकवायचे आहे. सटवाईने लिहिले होते असे म्हणून आपण घरी परततो, तेव्हा ट्रेलरचा मालक, कंत्राटदार आणि मुकादम हेही निश्चिंत मनाने घरी परततात.

म्हणून कामाच्या काही गोष्टी. आपल्या भागात जीवघेणा अपघात झाला की दोन कार्यकर्त्यांनी त्याच दिवशी तेथे पोचावे. जखमीला नेणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, असे कायद्याचे कलम १३४-अ सांगते. आणि मे २०२५ पासून पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना आहे, हे इस्पितळाच्या दारात ठासून सांगावे. प्राथमिक खबर अहवालाची प्रत घरच्यांना मिळवून द्यावी. पोलिसांनी पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे धाडायचा असतो. तो गेला की नाही हे लेखी विचारावे. भरपाईच्या अर्जाला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी आपण तिच्या आत अर्ज करण्याचीच सवय ठेवावी. तेराव्याच्या आत कोणी कागद घेऊन आला तर सही करू नये, एवढे तरी घरोघर सांगावे.

आणि हंगाम सुरू होण्याआधी एक मोहीम. ट्रेलरला मागचा दिवा आणि तांबडी पट्टी नसेल तर तो कारखान्याच्या काट्यावर घेतला जाऊ नये, ही मागणी प्रत्येक कारखान्याकडे घेऊन जा. पट्टीला फार खर्च येत नाही. मजुरांची ने-आण मालगाडीतून होणार नाही, ही अट उचलीच्या करारात घालायला लावा. पाड्यांवर एस.टी.ची फेरी मागा. कारण जेथे सार्वजनिक बस नाही तेथे चालकाला कितीही शिक्षा केली तरी पिकअप भरूनच जाणार. २०२१-२२ च्या पाच महिन्यांच्या संपाच्या काळात एस.टी. कोणाची आहे हे आपल्याला समजले होते. ते विसरू नये.

माझा तो विद्यार्थी अजून भेटतो. त्याने मला दोष दिलेला नाही. त्यामुळे मी अधिकच अस्वस्थ होतो. तुमच्यापैकी कोणाला उद्या असा फोन आला, सर किंवा साथी, सही करू का, असे कोणी विचारले, तर माझ्यासारखे उत्तर देऊ नका. म्हणा, थांब, मी येतो आहे. आणि खरोखर जा.